पाटीवरचे सत्तावन्न किलो

वऱ्हाडातला माणूस थ्या वर्षांबद्दल लिहून राहिला म्हटल्यावर तुमी रुमाल काढून बसले असान. ठेवा परत खिशात. थ्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं थे एकाच कारणानं, शेतकऱ्यायच्या आत्महत्यायनं. दुरून लोक कॅमेरे घेऊन यायचे, आमच्या पारावर बसायचे अन् ज्याले त्याले विचारायचे, "कसं वाटतं?" थे सगळं खरं होतं. पण थे मी सांगणार नाही. थे सांगणारे लय आहेत, अन् माह्यापेक्षा चांगलं सांगतात.

अन् गोष्ट पॅराग्लायडिंगची आहे म्हटल्यावर काही जण समजून घेतीन का आता डोंगर येईन, कडा येईन, कड्यावरून पोरगं झेप घेईन अन् त्याले जिंदगीचा अर्थ कळन. डोंगर नाही. नांदगाव खंडेश्वरच्या रस्त्यावर कुठंही उभे राहा अन् गोल फिरा, सगळं ताटावाणी सपाट दिसते. म्हणूनच तर दोर होता. मी सांगणार आहे एका दोराबद्दल, एका वजनकाट्याबद्दल अन् माह्या मामेभावाबद्दल. त्याच्यावर मी त्या उन्हाळ्यात इतका जळलो का कोणी माह्या अंगाले बिडी लावली असती तर पेटली असती.

उडायच्या क्लबची खबर पहिले मले लागली होती. हे आधीच सांगून ठेवतो, काहून का पुढं सगळं नाव मामेभाऊच नेते.

मी धामणगाव रेल्वेचा. बारावीपर्यंत तिथंच शिकलो, मग अमरावतीले कॉलेजात. राजापेठेच्या मागं एक खोली केली होती, अन् त्या खोलीत दुसऱ्या खाटेवर हा. मामा अंजनगाव सुर्जीकडचा, घरची काळी जमीन, थोडा पानमळा. मामेभाऊ माह्यापेक्षा दोन महिन्यानं मोठा, अन् थे दोन महिने माह्या मायनं मले वीस वर्षं ऐकवले. "पाह्य तो कसा सकाळी उठते." "पाह्य तो कसा मोठ्यायसमोर गप बसते." आता जो गप बसते त्याले कौतुक, अन् जो बोलते त्याले धपाटा, हा कुठला न्याय? मी पहिल्यापासून बोलणारा. शाळेत हेडमास्तरच्या आवाजात सुट्टी जाहीर केली होती मी, अन् अर्धी शाळा घरी गेली होती.

तर कॉलेजच्या भिंतीवर कागद चिकटवला होता. उडायला शिका, डोंगराची गरज नाही. मी लगेच पत्ता लिहून घेतला. पण रविवारी सकाळी सहा वाजता शहराबाहेर तीस किलोमीटर जायचं कसं? मामेभावाकडं एम-एटी होती, मामाची जुनी, दुधाचे कॅन बांधून बांधून जिचं कॅरियर वाकलं होतं. म्हणून त्याले सोबत घेतलं. फक्त गाडीसाठी. हे लक्षात ठेवा.

क्लब म्हणजे काय, एका गावच्या ई-क्लास जमिनीवर, म्हणजे सरकारी चराईच्या पडीत, दहा-बारा लोक. एक दातांचे डॉक्टर, एक बियाण्याच्या दुकानाचे शेठ, दोन-तीन कॉलेजचे, अन् आमचे सर. सर मूळचे पुण्याकडचे, बदली होऊन अमरावतीत आलेले. डोंगरावरून उडायची सवय, इथं डोंगर नाही म्हणून वर्षभर कासावीस झालेले. शेवटी त्यायनं अकोल्याचा एक मेकॅनिक गाठला अन् त्याच्याकडून विंच बनवून घेतला.

विंच म्हणजे जुन्या जीपचं इंजिन, त्याले जोडलेला एक मोठा ड्रम, ड्रमवर किलोमीटरभर दोर. दोराचं दुसरं टोक उडणाऱ्याच्या कमरेच्या पट्ट्याले. इंजिन चालू केलं का ड्रम फिरते, दोर गुंडाळला जाते, माणूस पाच-सात पावलं धावते अन् पतंगावाणी वर चढते. डोक्यावर आला का त्यानं दोर सोडून द्यायचा अन् मग आपला आपण घिरट्या घालत खाली यायचं. उडणारा एका टोकाले, विंचवाला दुसऱ्या टोकाले, मधात किलोमीटरभर मोकळं रान. दोघं एकमेकाले नीट दिसतही नाहीत.

विंचवर बसायचे थे अकोल्याचे मेकॅनिक. त्यायले सगळे चाचा म्हणायचे, सरही म्हणायचे. शनिवारी रात्रीच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याले उतरायचे, तिथं एका नातेवाईकाकडं झोपायचे अन् पहाटे मैदानावर हजर. पांढरी दाढी, हातात कायम कापसाच्या कचऱ्याचं एक फडकं. इंजिनवर कान ठेवून बसायचे. दोर किती जोरानं ओढायचा थे चाचाच्या हातात. अन् थे ठरायचं वजनावरून. म्हणून क्लबचा एक नेम होता. उजाडता बरोबर सगळ्यायनं विंचजवळ यायचं, शेठनं दुकानातून आणलेल्या काट्यावर उभं राहायचं, अन् चाचा एका शाळेच्या पाटीवर खडूनं आकडे लिहायचे. डॉक्टर ब्याऐंशी. शेठ एक्क्याण्णव. मग पाटी विंचवर त्यायच्या समोर टांगलेली राहायची.

पहिल्या रविवारी मामेभाऊ अठ्ठावन्न भरला. मी सत्तेचाळीस.

सर म्हणाले, "अरे, तू जेवतोस की नाही?"

क्लबकडं दोनच छत्र्या होत्या. छत्री म्हटलं का सर चिडायचे, "विंग म्हणा रे, विंग," पण गावचे लोक छत्री म्हणत, म्हणून आमीही छत्री. एक मोठी, डॉक्टर-शेठच्या मापाची. एक मधली, पंचावन्नच्या खाली कोणाले उडायले द्यायची नाही असा सरांचा कायदा. "हलका माणूस वर गेला की खालीच येत नाही," थे म्हणायचे. मले वाटायचं, सर गंमत करून राहिले.

पहिले दीड महिने कोणाचेच पाय सुटत नाहीत. जमिनीवर उभं राहून छत्री फक्त डोक्यावर उभी करायची, पाडायची, पुन्हा उभी करायची. बाकी वेळ दोर ओढून आणायचा. एम-एटीच्या वाकड्या कॅरियरले दोर बांधायचा अन् विंचपासून उडायच्या टोकापर्यंत न्यायचा. एम-एटी आल्यामुळं क्लबचं लय काम हलकं झालं, अन् एम-एटी कोणाची? तिसऱ्या रविवारपासून शेठ त्याले "भाऊ" म्हणायले लागले. मले म्हणायचे, "ए पोट्ट्या."

पण खरा घाव वाऱ्यानं घातला.

सरांनी बांबूले कापडाची नळी बांधली होती, वारा कुठून येते थे दाखवायले. एक दिवस छत्री उभी करायचा माहा नंबर होता, अन् नळी सरळ आमच्या तोंडाकडून. सर म्हणाले, "चला, घ्या." मामेभाऊ बाजूले बसला होता. त्यानं चिमूटभर माती उचलली, बोटातून सोडली अन् म्हणाला, "सर, थोडं थांबा. उलटी झुळूक येऊन राहिली." सरांनी नळीकडं पाह्यलं, हसले. मी छत्री उचलली. दहा सेकंदात मागून असा झोका आला का छत्री माह्या डोक्यावरून पुढं जाऊन मलेच झाकून बसली. मी आत, बाहेर सगळे हसून राहिले.

"तुला कसं कळलं रे?" सरांनी विचारलं.

"तूर उपणताना कळते सर. माय तीन पायाच्या उंच तिव्यावर उभी राहते, मी खालून टोपली देतो. वारा फिरणार असला का आधी तो दम घेते. तेवढ्यात टोपली थांबवाव लागते, नाही तर भुसा सगळा मायच्या डोळ्यात."

सरांनी त्याच्याकडं असं पाह्यलं जसं लग्नाच्या मांडवात मुलीचा बाप जावयाकडं पाह्यते. त्या दिवसापासून सर छत्री उचलायच्या आधी नळी पाह्यचे, अन् मग हळूच मामेभावाकडं पाह्यचे.

मी काय करावं? मले येत होतं थे मी केलं. विंचजवळ चहाच्या वेळेले मी सरांची नक्कल केली. थे हात मागं बांधून चालणं, थे "नाही नाही नाही, असं नाही करायचं, शांतपणे करायचं." डॉक्टरायच्या नाकातून चहा आला. सरही हसले. मग शेठची केली, मग एम-एटीची केली, किक मारूनही चालू न होणाऱ्या एम-एटीची. चाचा विंचपाशी एकटेच बसून हसत होते. सगळे खूश. अन् चहा संपल्यावर सर उठले, मामेभावाच्या खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "चल, तुझ्याशी जरा वाऱ्याबद्दल बोलायचं आहे." दोघं जण बोलत बोलत पार उडायच्या टोकाच्या बाभळीपर्यंत गेले. मी कप विसळत बसलो.

रात्री खोलीवर मी त्याले विचारलं, "काय सांगत होते बे?"

"काही नाही. ढगाचं काही तरी."

"मले सांग ना."

"तुले उडायचं आहे का ढग पाह्यचे आहेत?"

तो टोमणा नव्हता, तो खरंच विचारत होता. त्याच्यात तेवढी अक्कल नव्हती टोमणा मारायची. अन् म्हणूनच मले झोप आली नाही.

उन्हाळा लागला. सरांनी सांगतलं का एप्रिलच्या शेवटच्या रविवारी हंगाम बंद, ऊन तापलं का हवा उसळ्या मारते, नव्या लोकायसाठी बरोबर नाही. अन् त्या शेवटच्या रविवारी, क्लबच्या नव्या पोरायमधला एक जण पहिल्यांदा एकटा उडणार. कोण, हे सांगायची गरजच नव्हती. शेठनं हार आणायचंही कबूल केलं होतं.

मी सरांना म्हटलं, "सर, अन् मी?"

"तुझं सगळं चांगलं आहे रे. पण वजन. पुढच्या वर्षी खा-पी, ये."

पुढच्या वर्षी! म्हणजे त्या वर्षी आमच्या सगळ्या गोतात पहिल्यांदा आभाळात जाणारा तो. माह्या मायपर्यंत खबर जाणार, अन् मग वीस वर्षं "पाह्य तो कसा उडते." क्लब मी शोधला होता. कागद मी वाचला होता. त्याले फक्त गाडीसाठी आणला होता!

मी तीन आठवडे केळं-दूध, केळं-दूध केलं. पोट बिघडलं, अन् काट्यावर शेहेचाळीस भरलो.

आता माहा बाप मापारी. धामणगावच्या मार्केटात कापसाच्या गाड्या मोजायचा. लहानपणी मी त्याच्या बाजूले बसून सगळे प्रकार पाह्यलेले. भरली गाडी काट्यावर आली का गाडीवान वर बसून राहते, रिकामी गाडी परत काट्यावर आली का हळूच खाली उतरते. झालं, गाडीवानाचंही वजन कापसाच्या भावात गेलं. कोणी बोऱ्यात गोटा ठेवते. कोणी रातच्याले कापसावर पाणी मारते. माहा बाप सगळे पकडायचा, "उतर बे खाली," असं नुसतं म्हणायचा, मान वर न करता. पण जे सापडत नाहीत त्यायचं काय? पावती फाडली का संपलं. आकडा एकदा कागदावर आला का मग बोऱ्यात गोटा आहे का सरकी, कोणी विचारत नाही. मले वजनाबद्दल एवढंच माहीत होतं. वजन म्हणजे फाटकातून आत जायची गोष्ट.

सायकलच्या दुकानातून दोन फाटक्या ट्यूबा आणल्या. कापल्या, रेती भरली, तोंडं सुतळीनं बांधली. एक कमरेले गुंडाळली, दुसरीचे दोन तुकडे करून दोन मांड्यायले. वरून ढगळ पँट, वरून जाकीट. शेवटच्या रविवारी पहाटे मामेभावानं गाडीवर मागं वळून पाह्यलं.

"असा काहून बसला तू? मांड्या फाकवून?"

"उन्हाळी लागली."

काट्यावर मी असा चढलो जसा नवरदेव बोहल्यावर. सत्तावन्न. चाचानं काट्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. सरही आले.

"अरे? मागच्या रविवारी तर शेहेचाळीस होतास."

"सर, कालच्या लग्नात रोडगे होते. अन् वांग्याची भाजी. अन् पुन्हा रोडगे."

सगळे हसले. सरांनी थोडा विचार केला. मग म्हणाले, "मागच्या वेळी काटा नीट बसला नसेल. दोन रोडग्यांचं वजन वजा केलं तरी पंचावन्नच्या वरच आहेस की. ठीक आहे. आधी हा, मग जमलं तर तू." चाचानं पाटीवर खडूनं लिहिलं, सत्तावन्न. हळूहळू लिहिलं, अन् खडू खाली ठेवायच्या आधी पुन्हा एकदा माह्याकडं पाह्यलं.

उडायच्या टोकाले पोचलो तर मले कळलं का या ट्यूबा बांधून पाच पावलंही धावता येत नाही. चालतानाच आतून सोलून निघून राहिलो होतो. पण पावती तर फाटली होती! मी लघवीले जातो म्हणून बाभळीमागं गेलो, तिन्ही ट्यूबा सोडल्या, झुडपात टाकल्या, अन् हलका-फुलका होऊन परत आलो. मले काहीच वाटलं नाही. खरं सांगतो, एक क्षणही वाटलं नाही.

मामेभाऊ पट्टे बांधून तयार. छत्री मागं पसरलेली. हार शेठच्या हातात. ऊन वर आलं होतं, साडेआठ वाजले असतीन. सरांनी विचारलं, "तयार?" तो खाली वाकला, माती उचलली, बोटातून सोडली. पुन्हा उचलली. पुन्हा सोडली.

"सर, मी थांबतो थोडा. वारा दम घेऊन राहिला."

"नळी तर व्यवस्थित आहे."

"हो. पण थांबतो."

सरांनी नळीकडं पाह्यलं, घड्याळाकडं पाह्यलं. अन् माह्या तोंडातून, मले कळायच्या आत, निघालं, "सर, मग मी जातो."

मामेभावानं माह्याकडं पाह्यलं. अन् पट्टे सोडायले लागला. सर एक मिनिट उभे राहिले, नळी पुन्हा पाह्यली. सरळ, शांत, तोंडावर. "बरं. ये. पण सांगेन तेव्हाच दोर सोडायचा." थे आजही म्हणतात का त्यायनं त्या दिवशी नळीचं ऐकलं, पोराचं नाही, ही चूक त्यायची. मले बरं वाटते ऐकून, पण खरं नाही थे.

मामेभावानंच माह्या पट्ट्यायचे बकल तपासले. खांद्यावर थाप मारली. "धाव थांबवू नको," एवढंच म्हणाला.

सरांनी एक वॉकी-टॉकी माह्या पट्ट्याले अडकवला अन् आपल्या वॉकीवर चाचाले सांगतलं, "दुसरा नवा पायलट, पाटीवरचा शेवटचा." तिकडून चाचाचा आवाज आला, "सत्तावन. समझ गया." दोर सरसरला, ताणला. मी पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, तिसरं टाकायले जमीनच नव्हती.

लोक सांगतात का पहिलं उडाण हळू असते, झोक्यावाणी. मले कोणी तरी कॉलर धरून उचललं. पोट खाली राह्यलं, मी वर. कानात शिट्टी. मान मागं गेली अन् मले वर छत्री दिसायच्या ऐवजी मागं दिसली, माह्या पाठीमागं, लोळणाऱ्या म्हशीवाणी. सर वॉकीवर ओरडून राहिले होते, "ब्रेक सोड! हात वर! हात वर!" मले वाटलं सर चहाच्या वेळची माही नक्कल करून राहिले, इतका त्यायचा आवाज बदलला होता. मग एकदम ओढ सैल झाली. जशी कोणी मूठ उघडली. छत्री डोक्यावर आली. मग ओढ पुन्हा लागली, पण मऊ, लहान लेकराले उचलावं तशी.

वर गेल्यावर सरांनी सांगतलं तसा दोर सोडला. अन् मग सगळं गप.

काय दिसलं थे सांगतो. काळी जमीन, तिच्यात भेगा, भेगायची जाळी. कापसाच्या पराट्या उपटलेली वावरं. एक रस्ता, त्याच्यावर एक लाल ठिपका, एसटी. अन् मी काय पाह्यत होतो? मामेभाऊ कुठं आहे थे. मले पाह्यचं होतं का तो मान वर करून मले पाहून राहिला का नाही. तो नव्हता उभा. शेठ दिसले हार घेऊन, सर दिसले, तो नाही. आभाळात जाऊनही मी खाली त्यालेच शोधत होतो.

मग मी खाली येईना.

सर म्हणाले, "आता डावीकडे वळ, खाली ये." मी वळलो. वर गेलो. उजवीकडं वळलो. अजून वर गेलो. काळ्या मातीतून गरम हवा उसळत होती, अन् शेहेचाळीस किलोचा मी त्या मधल्या छत्रीखाली पिंजलेल्या कापसावाणी तरंगून राहिलो होतो. एसटी गेली, दुसरी आली, मी तिथंच. घशाले कोरड. सर सांगत होते, "टोकांच्या दोऱ्या ओढ, विंगचे कान दुमड," मी ओढत होतो, रडत होतो, ओढत होतो. वारा मले नांदगावाकडं घेऊन चालला होता. अन् खाली, एकदम, धूळ उडवत एक एम-एटी दिसली. बांधावरून, वावरातून, उभ्या भेगांमधून, माह्या बरोबर खाली खाली धावत होती.

दोन किलोमीटरवर एका वावरात मी पडलो. उभा नाही उतरलो, पडलो. तुरीची खुंटं गुडघ्यात. मी उठायच्या आत तो पोचला होता.

"हात हलव. पाय हलव. मान?"

"ठीक आहे."

त्यानं छत्री गोळा केली, एकही दोरी न गुंतवता. मग एम-एटीच्या हँडलवरून एक गाठोडं काढून माह्यासमोर टाकलं. तीन रेतीच्या ट्यूबा.

"बाभळीखाली होत्या. कुठं तरी फेक. चाचाले दिसल्या तं जीव घेईन तुहा."

बास. एवढंच. शिवी नाही, "माहा नंबर घेतला" नाही, काही नाही. मी थ्या ट्यूबा नाल्यात फेकल्या, अन् सांगतो तुमाले, त्यानं मले दोन कानाखाली दिल्या असत्या तर मले बरं वाटलं असतं. चांगलं वागायचीही जागा त्यानंच घेतली होती. मले काहीच शिल्लक ठेवलं नव्हतं.

परत आलो तर मैदानावर वावटळ फिरून गेली होती. नळीचा बांबू आडवा. मोठी छत्री उचलून बाभळीच्या काट्यायत नेऊन टाकली होती. सरांनी उडाण बंद केलं. त्या दिवसापुरतं नाही, हंगामाचं. हार शेठच्या गाडीच्या आरशाले अडकवलेला होता. डॉक्टर मामेभावाले म्हणत होते, "काय ओळखलंस यार तू! तू गेला असतास तर उतरताना याच वावटळीत..." सर म्हणत होते, "पुढच्या हंगामात पहिला हाच. आणि वारा कसा आहे हे हाच सांगणार, नळी नाही." उडालो मी. वीस मिनिटं उडालो, क्लबातलं कोणतंच नवं पोरगं उडालं नाही तेवढा. अन् गोल करून उभे होते सगळे त्याच्याभोवती. मले वाटलं, कोणी तरी विचारन, वरून कसं दिसते. मी सांगायची तयारीही केली होती.

तेवढ्यात चाचा आले. पायी. विंचपासून किलोमीटरभर उन्हात, एका काखेत पाटी, दुसऱ्या खांद्यावर काटा. थे दुसऱ्या टोकाले कधी येत नसत. काटा त्यायनं माह्या पायाशी जमिनीवर ठेवला, पायानं हलवून सरळ केला.

"चढ."

"चाचा, थे रोडगे..."

"चढ म्हटलं ना."

मी चढलो. सगळे जवळ आले. चाचा खाली वाकले, काटा पाह्यला, मग पाटी माह्या तोंडासमोर धरली.

"हे किती लिहिलं?"

"सत्तावन्न."

"अन् काटा किती सांगते?"

"शेहेचाळीस."

"अकरा किलो कुठं गेला बे? आभाळात ठेवून आला?"

कोणी हसलं नाही. मी मामेभावाकडं पाह्यलं. तो जमिनीकडं पाहून राहिला होता. चाचानं पाटी अजून जवळ, पार माह्या नाकापाशी आणली. मी त्यायले कधी असं पाह्यलं नव्हतं.

"मी तिथं बसतो," चाचानं दूर हात केला. "तिथून तू मले केवढा दिसते? मुंगीएवढा. तू हसून राहिला का रडून राहिला, मले समजत नाही. मले फक्त ही पाटी दिसते. सत्तावन लिहिलं, मी सत्तावनले खेचलं. तू शेहेचाळीसचा! पतंग झाला तुहा, पतंग! छत्री पीछे रह गयी थी तेरी, तुले मालूम हाये का? अजून दोन सेकंद, बस, दो सेकंद, अन् तू पाठीवर आला असता. इंजिन हलकं वाजलं म्हणून मी सोडलं. ड्रम जड फिरत नव्हता म्हणून सोडलं. माह्या कानानं सोडलं! अन् त्या वेळी मले खोकला आला असता तं? माशी बसली असती तं?"

"चाचा, चूक झाली."

"चूक? चूक म्हणजे पाना हातातून पडते थे. हे तू घरून बनवून आणलं! तुहा बाप मापारी हाये ना? तीस साल काट्यासमोर उभा हाये, तूच सांगत होता चहा पिता पिता. त्याले मी काय सांगतलं असतं? धामणगावले जाऊन, दारात उभा राहून, काय बोललो असतो मी त्याले? मी, ज्यानं दोर खेचला?"

सर म्हणाले, "चाचा, जाऊ द्या, पोरगं घाबरलं आहे."

"घाबरू द्या सर! आज नाही घाबरला तं कधी घाबरन? याच्या एका उडानापायी त्या पोराचं उडान गेलं. तो थांबला होता, अक्कल होती म्हणून थांबला होता! अन् वरून तोच याच्या मागं गाडी घेऊन उन्हात पळाला. अन् हा..."

मी पुन्हा मामेभावाकडं पाह्यलं. शेठनं त्याच्या हातात पाण्याची बाटली दिली होती, पहिली त्याले. तहान मले लागली होती.

"तिकडं काय पाहून राहिला बे?" चाचा ओरडले. "मी बोलून राहिलो ना! अजूनही तिकडंच पाहते हा! इकडं पाह्य. माह्याकडं पाह्य. काट्यावरून उतरू नको, मी सांगन तवा उतरजो."